नगरसेवकाकडे काय मागावं, काय मागू नये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई उपनगरातल्या एका नगरसेविकेच्या जनसंपर्क कार्यालयात मी टेबल सांभाळतो. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. मधली जवळपास चार वर्षं निवडणूकच झाली नाही आणि ताई 'माजी' होत्या, तरी फोन थांबले नाहीत. तेच तेच प्रश्न, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी दारात उभं राहून, कधी लग्नाच्या पंगतीत. त्यांची उत्तरं एकदा लिहून काढली. संदर्भ मुख्यतः मुंबईचा आहे. बाकी शहरांत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. गटार तुंबलं, रेशन कार्ड अडलं, पोलीस ऐकत नाहीत. कशासाठी कोणाकडे जायचं?

गटार, कचरा, पदपथ, पाण्याचा दाब, महापालिकेचा दवाखाना आणि शाळा, उद्यान, मालमत्ता कर यांसाठी नगरसेवक. रेशन, तहसील, पोलीस, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (झोपु) ही राज्य सरकारची खाती, तिथे आमदार. रेल्वे आणि टपाल म्हटलं की खासदार. लोक सगळ्याच कामांना आमच्याकडे येतात, कारण आमचं कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याला आमची हरकत नाही. पण म्हाडाच्या कामासाठी आम्ही फक्त पत्र देऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक घोळ 'वॉर्ड' या शब्दाचा. के पश्चिम, एम पूर्व हे प्रशासकीय विभाग. तिथे सहायक आयुक्त बसतात. नगरसेवक निवडून येतो तो निवडणूक प्रभाग वेगळा. असे प्रभाग मुंबईत २२७ आहेत. एका विभागात अनेक प्रभाग असतात, त्यामुळे 'आमच्या वॉर्डातला नगरसेवक' शोधताना रस्त्याचं नाव सांगा, विभागाचं अक्षर सांगून भागत नाही. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो. पुण्यात एका प्रभागात साधारण चार असतात, आणि चौघांपैकी कोणीही तुमचं काम नाकारू शकत नाही, 'माझा भाग तो नाही' असं म्हणून तर नाहीच.

२. नगरसेवक नेमकं करतात काय? अधिकाऱ्यांना हुकूम देता येतो का?

नाही. मुंबई महापालिका १८८८च्या कायद्यावर चालते, राज्यातल्या इतर महापालिका १९४९च्या. दोन्हीकडे कारभाराचे अधिकार आयुक्तांच्या हाती आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. नगरसेवक दुय्यम अभियंत्याला फोन करून 'उद्या हे झालं पाहिजे' म्हणतो आणि ते होतंही, पण तो रिवाज झाला. कायद्याने दिलेला तो अधिकार नव्हे.

कायद्याने दिलेलं काम सभागृहात आणि समित्यांमध्ये आहे: अर्थसंकल्पावर बोलणं, त्यात फेरफार सुचवणं, मोठ्या कंत्राटांचे प्रस्ताव तपासणं, प्रशासनाला प्रश्न विचारणं, ठरावाच्या सूचना मांडणं. पैशाच्या बाबतीत सगळ्यात वजनदार ती स्थायी समिती. मुंबईत तिच्या जोडीला सुधार, शिक्षण आणि बेस्ट या समित्या आहेत. विभागाच्या पातळीवर प्रभाग समिती असते. ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत ती असलीच पाहिजे असं १९९३ साली लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने सांगितलं आहे.

माझं मत विचाराल तर नगरसेवकाची किंमत तुंबलेल्या गटारावर करू नका. गटारासाठी १९१६ ही हेल्पलाइन आहे. त्या गटाराचं कंत्राट कितीला गेलं आणि गाळ खरंच निघाला का, हे विचारणारा माणूस दुसरा कोणी नाही.

३. सभागृहात प्रश्न विचारून, आरडाओरडा करून खरंच काही निघतं का?

आरडाओरड्याने बातमी होते. लेखी प्रश्नाने कागद निघतो. प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं, उत्तरात आकडा येतो, आणि आकडा आला की त्याला धरून पुढचा प्रश्न विचारता येतो.

आमचाच एक अनुभव सांगतो. एका पावसाळ्याआधी नालेसफाई पूर्ण झाल्याचा अहवाल आला. नाल्यात तर माणूस उभा राहील एवढा गाळ. ताईंनी भाषण केलं नाही. त्यांनी गाळ वाहणाऱ्या गाड्यांचे क्रमांक, वेळा आणि वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या. कागद यायला दीड महिना गेला. आम्ही तिघं दोन रात्री बसलो. एकाच क्रमांकाचा डंपर एकाच तासात दोन वेगवेगळ्या नाल्यांवर भरलेला निघाला, तोही एकदा नव्हे. कंत्राटदाराच्या देयकातून ती रक्कम वळती झाली. पेपरात एक ओळ आली नाही.

समितीत प्रस्ताव आला की त्याचं काय होतं, हेही लोक विचारतात. तो मंजूर होतो, फेटाळला जातो, राखून ठेवला जातो किंवा अधिक माहितीसाठी प्रशासनाकडे परत जातो. 'दफ्तरी दाखल' झाला म्हणजे संपला, गोड शब्दात. 'राखून ठेवला' याचे अर्थ दोन. कधी सदस्यांना खरंच अभ्यास करायचा असतो. कधी कोणाचं तरी कोणाशी तरी बोलणं व्हायचं असतं. पण सर्वांत जास्त लक्ष ठेवावं असे विषय 'आयत्या वेळचे'. विषयपत्रिकेत नसलेला प्रस्ताव बैठकीच्या तोंडावर टेबलावर येतो आणि दहा मिनिटांत मंजूर होतो. हिशोबाची आणखी एक किल्ली म्हणजे मुख्य लेखापरीक्षक. त्यांचे अहवाल स्थायी समितीपुढे येतात. ते वाचणारे सदस्य मी हाताच्या बोटांवर मोजेन.

तुम्ही आम्हाला मदत करू शकता ती अशी: 'रस्ते खराब आहेत' असं लिहू नका. रस्त्याचं नाव, कुठपासून कुठपर्यंत, मागचं काम कधी झालं, हमी कालावधी (दोष दायित्व) संपला का, आणि तारखेसह एक फोटो. एवढं असेल तर त्याचा लेखी प्रश्न दहा मिनिटांत तयार होतो.

४. २०२२ ते २०२६ नगरसेवक नव्हते. तरी शहर चाललंच की. मग अडलं काय?

हा प्रश्न टोमणा म्हणून येतो, पण चांगला आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत प्रशासकाची, म्हणजे आयुक्तांचीच, राजवट होती. कचरा उचलला जात होता, पाणी येत होतं. अडलं ते विचारणं. २०२५-२६चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प मांडला प्रशासनाने आणि मंजूर केला प्रशासकाने. म्हणजे पेपर काढणारा आणि तपासणारा एकच.

मात्र नगरसेवक असले की सगळं स्वच्छ, असंही मी म्हणणार नाही. 'कॅग'ने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची विशेष तपासणी करून मार्च २०२३ मध्ये ताशेरे ओढले. त्यातला काळ नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२, म्हणजे बराचसा स्थायी समिती जागेवर असतानाचा.

५. नगरसेवक निधीतून आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक बसवून मिळतील का?

सोसायटीचं आवार खासगी मालमत्ता आहे, सार्वजनिक पैसा तिथे लागत नाही. कंपाउंडबाहेरचा पदपथ, सार्वजनिक गटार, झोपडपट्टीतली पायवाट, उद्यानातलं बाकडं चालेल. तो निधी नगरसेवकाच्या खात्यात येत नाही. ताई काम सुचवतात. अंदाजपत्रक, कंत्राट आणि देयक सगळं महापालिका करते. फलकावर मात्र फोटो ताईंचा असतो, त्यामुळे गैरसमजाला जागा आहे, हे मान्य.

पुणेकरांसाठी: तिथे २००६ पासून नागरिक स्वतः अंदाजपत्रकासाठी कामं सुचवू शकतात. दरवर्षी अर्जाची मुदत जाहीर होते, ती चुकवू नका.

६. आमच्या इमारतीला 'सी-१'ची नोटीस आली आहे. ताईंना सांगून थांबवता येईल का?

थांबवता येणार नाही, आणि थांबवू नये. उद्या स्लॅब कोसळला तर 'थांबवा' म्हणून दिलेल्या पत्राचं काय करायचं?

धोकादायक इमारतींचे वर्ग असे: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच मजबुतीची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मुंबईत नोटीस १८८८च्या कायद्याच्या कलम ३५४ खाली येते, इतर महापालिकांत १९४९च्या कायद्याच्या कलम २६४ खाली. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं मालक किंवा सोसायटीवर बंधनकारक आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते. वर्ग पटत नसेल तर स्वतः नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घ्या. दोन अहवाल परस्परविरोधी निघाले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इथे नगरसेवकाचा खरा उपयोग होतो: विभाग कार्यालयातल्या 'इमारत व कारखाने' खात्याने ते प्रकरण पुढे पाठवलं का, बैठक लागली का, याचा पाठपुरावा.

भाडेकरूंची भीती वेगळी असते आणि ती खोटी नाही. 'सी-१' कधी कधी मालकाच्या सोयीचा निघतो. म्हणून घर सोडण्याआधी महापालिकेकडून आपल्या ताब्यातलं चटई क्षेत्र मोजून, नोंदवून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही नोंद आहे. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण हातात मोजमापाचा कागद नसेल तर तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात. आमच्या प्रभागातल्या एका कुटुंबाने 'नंतर बघू' म्हणून तो घेतला नाही. आता ते पोटमाळ्याच्या क्षेत्रफळासाठी भांडत आहेत.

७. आमची इमारत १९६५ची आहे. म्हाडा दुरुस्ती करून देईल ना?

ती कुठे आहे त्यावर अवलंबून. म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा वेगळा कर, म्हणजे उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी आहे: मुंबई शहरातल्या, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या. गिरगाव, भायखळा, परळ यांचा त्यात समावेश होतो. तीच १९६५ची इमारत कांदिवलीत किंवा मुलुंडला असेल तर उपकर नाही, मंडळ नाही; प्रश्न ६ मधला मार्ग. हे ऐकून उपनगरातले लोक दुखावतात. वय तेच, भेगा त्याच, पण कायदा माहीम-शीवलाच थांबतो.

८. झोपु योजनेच्या यादीत माझं नाव 'अपात्र' आलं. पत्र द्याल?

पत्र देऊ, पण तुमचं घर त्या पत्रावर ठरणार नाही. पात्रतेची यादी म्हणजे परिशिष्ट-२. जमीन महापालिकेची असेल तर ती विभाग कार्यालय करतं, म्हाडाची असेल तर म्हाडा, सरकारी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय. म्हणून आधी जमीन कोणाची ते शोधा. चुकीच्या दारात सहा महिने बसलेले लोक मी पाहिले आहेत.

१ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर. त्यानंतरच्या आणि १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला शुल्क भरून. घर ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं. अपात्र ठरण्याचं कारण बहुतेकदा कागदाचं असतं: मतदार यादीत नाव दुसऱ्या पत्त्यावर, वीजबिल वडिलांच्या नावे आणि वारस नोंद नाही, लग्नानंतर आडनाव बदललेलं. अपात्रतेविरुद्ध अपील करायचं असतं आणि त्याला मुदत असते. लोक मुदतीतले दिवस नेत्यांच्या दारात घालवतात आणि अपील राहून जातं. आमच्याकडे आलात तर पहिली गोष्ट आम्ही यादीची तारीख बघतो.

९. सोसायटीचे सेक्रेटरी हिशोब दाखवत नाहीत. ताई बोलतील का त्यांच्याशी?

ताई बोलतील, सेक्रेटरी चहा देतील, हिशोब काही दाखवणार नाहीत. सहकारी सोसायटीवर महापालिकेचा अधिकार नाही. तक्रार विभागाच्या उपनिबंधकांकडे, सहकारी संस्था. गळती, पार्किंग, देखभाल शुल्क, सगळ्याला हेच उत्तर.

१०. पुनर्विकासासाठी विकासक निवडायचा आहे. ताई कोणाचं नाव सुचवतील?

कोणाचंही नाही. कोणी नगरसेवक नाव सुचवत असेल तर कान टवकारा. सोसायटीच्या पुनर्विकासाची रीत सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाने ठरवून दिली आहे: प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची नेमणूक, निविदा, आणि विकासक निवडीच्या विशेष सभेला निबंधकांचा प्रतिनिधी. त्या सभेला गणपूर्ती दोन तृतीयांश, संमती एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची, आणि सभेचं चित्रीकरण. सभा सभासदांची असते, त्यात पाहुणे नसतात. एकदा आम्हालाही स्टेजवर बसायचं निमंत्रण आलं होतं, हार-तुऱ्यासह. गेलो नाही.

११. आमच्या घराचं वाढीव बांधकाम तोडायला गाडी आली आहे. ताईंनी एक फोन केला तर थांबेल!

हा फोन नेमका सकाळी दहाला येतो. राज्याच्या महापालिका कायद्यानुसार नगरसेवकाने स्वतः किंवा त्याच्या जोडीदाराने अनधिकृत बांधकाम केलं, किंवा दुसऱ्याच्या अशा बांधकामाला मदत केली, किंवा कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याला अडथळा आणला, अगदी नुसतं पत्र लिहून का होईना, तर त्याचं पद जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही मागत असलेल्या मदतीची किंमत ताईंची खुर्ची.

अपवाद नीट समजून घ्या. नोटीसच मिळाली नाही, सुनावणी झाली नाही, किंवा कारवाई चुकीच्या घरावर होते आहे, असं असेल तर 'कार्यपद्धती पाळली का' एवढं विचारणं हा अडथळा नाही. ते आम्ही विचारतो. स्थगिती मात्र न्यायालयाकडूनच मिळते.

१२. नगरसेवकाचा भाऊ कंत्राटदार असेल तर?

महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा स्वतःचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. भाऊ असणं एवढ्याने ते सिद्ध होत नाही. नफ्यात वाटा, भागीदारी, पैशाचा व्यवहार दाखवावा लागतो. माहितीच्या अधिकारात कंत्राटाची प्रत मागवता येते. नुसत्या कुजबुजीवर आजवर कोणाचं पद गेलेलं नाही.

१३. सभागृहाने ठरवलं तर आयुक्तांना घालवता येतं का?

१९४९च्या कायद्यानुसार एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर सरकारने आयुक्तांना परत बोलवायचं असतं. कागदावर. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला, तरी सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही. ते बदलून गेले २०१७च्या मार्चमध्ये. शिवाय सभागृहाचा कोणताही ठराव सरकार विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं, ते कलम ४५१. दोरी शेवटी मंत्रालयातच आहे.

१४. रहिवासी असल्याचा दाखला आणि आधारवरचा पत्ता: नगरसेवकाची सही चालते?

आधारमध्ये पत्ता बदलण्यासाठी आधार प्राधिकरणाचा (यूआयडीएआय) ठरावीक नमुना आहे, त्यावर नगरसेवकाची सही चालते. दाखला सहीच्या तारखेपासून तीन महिने ग्राह्य. लेटरहेडवर साधं पत्र लिहून नेलंत तर परत पाठवतील, नमुनाच लागतो, फोटोसह. कोऱ्या नमुन्यावर सही करून ठेवत नाही, कृपया मागू नका. अधिवासाचा दाखला वेगळा. तो तहसीलचा, सेवा केंद्रातून.

१५. आई रुग्णालयात आहे, बिल परवडत नाही. ताईंच्या पत्राने सूट मिळेल?

रुग्णालय धर्मादाय आहे का ते आधी बघा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. हा तुमचा हक्क आहे, त्याला नगरसेवकाचं पत्र लागत नाही. लागतो उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा आणि दाखल करतानाच सांगा. डिस्चार्जच्या दिवशी सांगितलंत तर 'खाटा भरल्या होत्या' हे उत्तर ठरलेलं. आम्ही करतो ते इतकंच: राखीव खाटा रिकाम्या आहेत का हे धर्मादाय आयुक्तालयाकडून तपासतो. तो फोन मात्र रात्री दोनलाही करा. त्याबद्दल कोणी रागावत नाही.

१६. मी भाड्याने राहतो, माझं मत गावी आहे. तुम्ही माझं काम कराल?

करतो. गटार मतदार यादी बघून तुंबत नाही. कार्यालयात पोरं नाव विचारताना 'यादीत आहे का' विचारतात, ही सवय मोडायचा प्रयत्न चालू आहे. फक्त आधारच्या दाखल्यासाठी (प्रश्न १४) तुम्ही इथे राहता याचा काहीतरी पुरावा आणा. भाडेकराराची प्रत चालेल.

१७. आमचे नगरसेवक फोनच उचलत नाहीत. परत बोलावता येतं का?

मतदारांना नगरसेवक परत बोलावता येत नाही. पाच वर्षं थांबावं लागतं, पण गप्प बसावं लागत नाही. तक्रार १९१६वर नोंदवून क्रमांक घ्या. महापालिकेच्या लोकशाही दिनात अर्ज द्या. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ज्या सेवांना मुदत ठरली आहे, त्या मुदतीत मिळाल्या नाहीत तर अपील करा. २००९च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद आली आहे, जिथे नगरसेवकाने मतदारांसमोर बसायचं असतं. ती बहुतेक ठिकाणी भरतच नाही, त्यामुळे 'आपली क्षेत्रसभा शेवटची कधी झाली' असं लेखी विचारा. हा एक प्रश्न पाठवलात की फोन उचलला जाण्याची शक्यता बरीच वाढते. आमच्याकडे तो आला तेव्हा ताईंनी दोन दिवस टाळला, तिसऱ्या दिवशी शाळेचा हॉल मिळतो का ते विचारायला मला पाठवलं.

१८. नगरसेवकाला पगार किती?

पगार नाही, मानधन. मुंबईत २०१७ मध्ये ते महिना १० हजारांवरून २५ हजार झालं. कार्यालयाचं भाडं, वीज, चहा आणि मी, हे सगळं त्यातून भागत नाही. मग कुठून भागतं, हा प्रश्न प्रत्येक नगरसेवकाला विचारा. आमच्या ताईंनाही, त्या बुधवारी संध्याकाळी सहानंतर असतात.